इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्यायचाय? आधी आवाज मोजा, मग खिशात हात घाला

हल्ली ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी एखाद्या इलेक्ट्रॉनिक इअरमफची (मोठ्या आवाजापासून वाचायला हेडफोनसारखे कानांवर लावायचे कप) लिंक टाकतं आणि विचारतं, "हा घेऊ का? मोठा आवाज बंद होतो आणि बोलणं तेवढं ऐकू येतं म्हणे." विचारणाऱ्यांत प्रेस शॉपवाले असतात, जनरेटरवाले असतात, ढोल पथकातली पोरं असतात, रायफल रेंजवर जाणारे असतात, आणि शेजारच्या घरातलं फरशीचं काम ऐकू येऊ नये म्हणून घेणारेही असतात (त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, तुमचं काम कानात घालायच्या फोमच्या साध्या बोळ्यांत भागतं). मी शॉप फ्लोअरवर मेंटेनन्सला आहे, सेफ्टी कमिटीतही नाव आहे, त्यामुळे हा माल बघणं, लोकांच्या कानावर बसवणं आणि नंतर त्यांची कुरकुर ऐकणं हे फिरून फिरून माझ्याकडेच येतं. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवणार.

एक गोष्ट आधी पक्की करा. इलेक्ट्रॉनिक इअरमफमधलं इलेक्ट्रॉनिक्स आवाज कमी करत नाही. आवाज अडवतो तो प्लास्टिकचा कप, आतला फोम आणि कानाभोवती चिकटून बसणारी गादी, म्हणजे साध्या इअरमफमध्ये असतं तेच. इलेक्ट्रॉनिक्सचं काम उलटं आहे, ते बाहेरचा आवाज आत आणतं. कपाच्या बाहेर माइक, आत छोटा स्पीकर, मध्ये सर्किट. बाहेर कुणी बोललं, फोर्कलिफ्टने हॉर्न दिला की तो आवाज स्पीकरवर ऐकू येतो, आणि बाहेरचा आवाज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला (बऱ्याच मॉडेलला ही मर्यादा ८२ डेसिबलच्या आसपास असते) की सर्किट स्पीकरचा आवाज तिथेच दाबून धरतं, मग तुमच्या कानावर राहतो तो फक्त कप. सेल संपले तरी कान वाचतो, ऐकू येणं तेवढं बंद होतं. पण गादी फाटली असेल तर वीस हजारांचं सर्किट काही कामाचं नाही.

मग एवढे पैसे घालायचेच कशाला? कारण लोक साधा इअरमफ काढतात. सुपरवायझर काहीतरी सांगायला आला की ऑपरेटर एका बाजूचा कप उचलून कानामागे सरकवतो, बोलणं होतं, आणि तो कप पुढचा अर्धा तास तसाच वर राहतो. याचं गणित बघण्यासारखं आहे. समजा ३० डेसिबल कमी करणारा एकदम भारी इअरमफ आहे, आठ तासांच्या शिफ्टमध्ये तो फक्त अर्धा तास काढला. उघड्या कानाचा वेळ एकूण वेळाच्या सोळावा हिस्सा झाला, आणि डेसिबलच्या हिशोबात याचा अर्थ तुम्हाला दिवसभराचं संरक्षण जास्तीत जास्त १२ डेसिबलचं मिळालं, तीसचं नाही. सोळातला एकच भाग उघडा राहिला आणि माल निम्म्याहून जास्त वाया. कानावर टिकलेला १५ डेसिबलचा मफ हा उचलून ठेवलेल्या ३० च्या मफपेक्षा चांगला, आणि इलेक्ट्रॉनिक मफ टिकतो कारण बोलायला तो काढावा लागत नाही. माझ्या मते त्याची जास्तीची किंमत फक्त एवढ्यासाठी द्यायची. बाकी ब्लूटूथ, रबर कोटिंग, मिलिटरी रंग ही सगळी वरची हौस.

बाजारात एवढी गर्दी कशामुळे झाली

हे थोडक्यात सांगतो, कारण कुठला माल कुणासाठी बनलाय ते यावरून कळतं. इलेक्ट्रॉनिक मफचं मोठं गिऱ्हाईक पहिल्यापासून अमेरिकेतले बंदूकवाले, शिकारवाले आणि तिथलं लष्कर. हॉवर्ड लाइटचा इम्पॅक्ट स्पोर्ट, वॉकर्सचा रेझर, थ्रीएम पेल्टॉरचे स्पोर्ट टॅक्टिकल, सॉर्डिन ही सगळी नावं त्याच गिऱ्हाइकामुळे मोठी झाली. त्यातले स्वस्त मॉडेल तिकडे ५० डॉलरच्या आसपास मिळायला लागले आणि मग कारखाने, झाडं कापणारे, गवत कापणारे असं गिऱ्हाईक वाढत गेलं. दुसरीकडे कोर्टकचेरीनेही कंपन्यांचे डोळे उघडले. अमेरिकन सैनिकांना दिलेल्या कानाच्या प्लगवरून थ्रीएमवर लाखो दावे झाले आणि २०२३ मध्ये कंपनीने सुमारे ६ अब्ज डॉलरची तडजोड केली. ते प्लग इलेक्ट्रॉनिक नव्हते, साधेच होते, पण 'कानात नीट न बसणारा प्लग' किती महाग पडू शकतो ते सगळ्यांना दिसलं. मग २०२४ मध्ये ॲपलने एअरपॉड्स प्रो २ मध्ये श्रवणयंत्रासारखं फीचर आणि मोठा आवाज कमी करायचं फीचर आणलं, आणि कानाचं संरक्षण ही गोष्ट एकदम मोबाइलच्या दुकानात येऊन बसली. २०२५ मध्ये हनीवेलने आपला सगळा पीपीईचा (सुरक्षासाधनांचा) धंदा पीआयपी नावाच्या कंपनीला विकला, हॉवर्ड लाइट त्यातच गेलं, म्हणून तोच माल आता वेगवेगळ्या नावाच्या खोक्यांत दिसला तर लगेच डुप्लिकेट समजू नका, पण तपासून मात्र घ्या.

आपल्याकडे अजून नव्वद टक्के माल साधाच चालतो असं मी म्हणेन (हा आकडा माझ्या डोळ्यांचा, सर्व्हेचा नाही). साधा चांगला मफ पाचशे ते अडीच हजारात येतो, इलेक्ट्रॉनिक साधारण पाच-सहा हजारापासून पुढे, आणि वॉकीटॉकी जोडता येणारे हेडसेट पार लॅपटॉपच्या किमतीला जातात.

पायरी १: आवाज मोजा

ही पायरी सगळे गाळतात. आधी फुकटची चाचणी: समोरचा माणूस हाताच्या अंतरावर उभा आहे आणि तुम्हाला त्याच्याशी ओरडून बोलावं लागतंय, तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं धरायचं. मग मोबाइल. आयफोन असेल तर अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेचं साउंड लेव्हल मीटरचं फुकट ॲप आहे, ते बऱ्यापैकी विश्वासाचं. अँड्रॉइडवरच्या ॲपचे आकडे फोनगणिक बदलतात, त्यांना अंदाजापेक्षा जास्त किंमत देऊ नका. कंपनीत असाल तर सेफ्टी ऑफिसरकडे नॉइज सर्व्हेचा रिपोर्ट असतो, तो मागा, सरळ मशीनवाइज आकडे मिळतात. मोजताना सेटिंग 'ए वेटिंग' वर (माणसाच्या कानाला ऐकू येतं त्या हिशोबाने मोजणारी) ठेवा, फोन कानाच्या उंचीवर धरा, आणि एका मिनिटाचा नाही तर कामाच्या पूर्ण फेरीचा आकडा घ्या. प्रेसचा ठोका बसतो तेव्हाचा आकडा आणि मधल्या शांततेचा आकडा यात खूप फरक असतो.

आता आकड्याचा अर्थ. नायोशचा हिशोब असा की ८५ ला आठ तास, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आपल्या कारखान्यांच्या नियमांतला तक्ता जास्त सैल आहे, तो ९० ला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन, १०५ ला एक असा चालतो, म्हणजे दर ५ डेसिबलला निम्मा. कागदावर पास व्हायचं असेल तर दुसरा तक्ता, कान वाचवायचा असेल तर पहिला. मी पहिलाच धरतो.

पायरी २: खरंच इलेक्ट्रॉनिक हवाय का ते ठरवा

आवाज सतत आहे की मधूनमधून, यावर सगळं ठरतं. कॉम्प्रेसर रूम, डीजी सेट (डिझेल जनरेटर), लूम अशा ठिकाणी आठ तास एकसारखा आवाज असतो आणि बोलणं कमी. तिथे इलेक्ट्रॉनिक्सला करायला काही उरत नाही, कारण ते कायम दाबूनच धरलेलं असतं, उगाच सेल जळतात. तिथे साधा मफ किंवा बोळे. उलट टूलरूम, मेंटेनन्स, फॅब्रिकेशन, लोडिंग अशा जागी पाच मिनिटं ग्राइंडर, मग दहा मिनिटं शांत, मग हातोडा, मध्येच कुणीतरी हाक मारतंय, क्रेनचा भोंगा ऐकू यायलाच हवा. इथे इलेक्ट्रॉनिक मफ सोन्यासारखा. नवीन पोरगा हाताखाली शिकत असेल तर नक्कीच, कारण त्याला सूचना ऐकू आली नाही तर कानाआधी बोटं जातील.

ज्यांना आधीच थोडं कमी ऐकू येतंय त्यांना तर याचा सगळ्यात जास्त उपयोग, कारण साधा मफ लावल्यावर त्यांना काहीच कळत नाही आणि म्हणून तेच आधी काढून टाकतात. श्रवणयंत्र वापरत असाल तर मात्र मफ स्वतःच्या मनाने निवडू नका, ऑडिओलॉजिस्टला विचारा.

एक धोक्याची जागा. पेंट शॉप, सॉल्व्हंट, गॅस, पेट्रोलपंपाच्या टाक्या, जिथे भडका उडू शकतो तिथे सेलवर चालणारा साधा इलेक्ट्रॉनिक मफ न्यायचा नाही. तिथे त्या झोनसाठी प्रमाणित केलेलंच उपकरण लागतं. एटेक्सची (स्फोटक वातावरणासाठीचं युरोपियन प्रमाणपत्र) खूण असते, आणि आपल्याकडे या क्षेत्रातली मंजुरी बघणारी पेसो ही संस्था नागपूरलाच आहे. खोक्यावर असं काही लिहिलेलं नसेल तर तो मफ त्या झोनच्या बाहेर, विषय संपला.

पायरी ३: खोक्यावरचे आकडे वाचा, आणि त्यातले निम्मे विसरा

मफ किती डेसिबल अडवतो त्याचा आकडा अमेरिकन मालावर एनआरआर नावाने असतो, युरोपियन मालावर एसएनआर नावाने. एकाच मफचा एसएनआर एनआरआरपेक्षा काही डेसिबलने मोठा दिसतो, म्हणून एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर ताडून 'हा भारी' म्हणू नका. हे आकडे प्रयोगशाळेत, माणसाच्या डोक्यावर नीट बसवून काढलेले असतात. आपल्या शॉपवर घाम, चष्मा, हेल्मेट, घाई हे सगळं आहे. म्हणून नायोशची जुनी, सोपी पद्धत वापरा: मफ असेल तर एनआरआरमधून पाव भाग कापा, फोमच्या बोळ्यांना निम्मा कापा, बाकीच्या तयार प्लगना ७० टक्के कापा. मग जे उरलं त्यातून ७ वजा करा (आवाज 'ए' सेटिंगवर मोजला असेल तर). जे येईल तेवढंच तुमचं खरं संरक्षण.

उदाहरण घेऊ. एनआरआर २२, इम्पॅक्ट स्पोर्टसारख्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मफवर हाच असतो. पाव भाग कापला की १६.५, त्यातून ७ गेले की ९.५. म्हणजे ९५ डेसिबलच्या जागी कानावर ८५.५ येतात, ठीक आहे, जमलं. पण अँगल ग्राइंडर १०२ ला चालतोय, तिथे कानावर ९२.५ येणार, आणि ९१ लाच दोन तास म्हटलंय. दिवसभर ग्राइंडिंग करणाऱ्याला २२ वाला मफ द्यायचा म्हणजे त्याला फसवायचं. त्याला ३० च्या आसपासचा साधा मफ द्या, नाहीतर इलेक्ट्रॉनिक मफच्या आत फोमचे बोळे घाला. दोन्ही एकदम घातले म्हणून बेरीज होत नाही हं, २२ आणि ३० मिळून ५२ होत नाहीत, जो मोठा आहे त्यात साधारण ५ डेसिबल धरायचे. पण त्या पाचाचा फरक पडतो, आणि आत बोळे असले तरी इलेक्ट्रॉनिक्सचा आवाज वाढवून बोलणं ऐकू येतं, ही त्यातली मजा.

आणि ज्या ऑनलाइन लिस्टिंगवर 'एनआरआर ४०' वगैरे लिहिलेलं असतं तिकडे फिरकू नका. बाजारात चांगल्यातल्या चांगल्या फोम प्लगचा एनआरआर ३३ च्या आसपास थांबतो, मफचा त्याच्याही खाली.

युरोपियन मालावर ईएन ३५२ हा मानकाचा क्रमांक शोधा, पण पुढचा आकडाही बघा. ३५२-१ म्हणजे साधा मफ, ३५२-४ म्हणजे बाहेरचा आवाज आत आणणारा मफ, ३५२-७ तसाच प्लग. इलेक्ट्रॉनिक म्हणून विकतायत आणि फक्त ३५२-१ लिहिलंय, तर सर्किटची तपासणी झालेलीच नाही. ३५२-४ वाल्या मालाच्या माहितीपत्रकात 'क्रायटेरियन लेव्हल' नावाचे तीन आकडे असतात, एच, एम, एल. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण मोठं करून बाहेर किती आवाज असला की आत ८५ होतात, ते उंच, मध्यम आणि जाड आवाजासाठी वेगवेगळं. तुमच्या जागेचा आवाज या आकड्यांच्या खाली हवा. हे पान कुणी वाचत नाही, पण खरी माहिती त्यातच असते. आपल्याकडच्या साध्या मालाला आयएस ९१६७ हे मानक आहे.

ब्लूटूथ असेल तर भारतात अधिकृत विकायला डब्ल्यूपीसीची ईटीए (वायरलेस उपकरणांसाठीची सरकारी) मंजुरी लागते, विक्रेत्याला तेवढं विचारा. त्याला प्रश्नच कळला नाही, तर वॉरंटीचं काय होणार ते तुम्हाला कळलं.

पायरी ४: सर्किट कसं आहे ते दुकानातच बघा

स्वस्त मफमध्ये मोठा आवाज आला की स्पीकर सरळ बंद पडतो आणि सेकंदाच्या काही भागाने परत चालू होतो. टाळी वाजवून बघा: टाळीबरोबर समोरच्याचं बोलणंही तुटलं तर तो हा प्रकार. शॉपवर ठोके चालू असताना वाक्यं तुटक ऐकू येतात, मग डोकं दुखतं, मग मफ खुंटीला. चांगल्या सर्किटमध्ये टाळी दबते पण बोलणं चालू राहतं. दुसरं म्हणजे दोन्ही कपांवर स्वतंत्र माइक हवा. डोळे मिटा आणि कुणाला तरी मागून डावी-उजवीकडून चुटकी वाजवायला सांगा, दिशा कळली पाहिजे. फोर्कलिफ्ट कुठून येतेय ते कळलं नाही तर हॉर्न ऐकू येऊन उपयोग काय? तिसरं, पंख्याखाली उभे राहा. माइकवर फोमची टोपी नसेल तर वाऱ्याचा असा घरघराट येतो की दोन तासांत वैताग.

एक बारीक मुद्दा, आवाज ८५-९० च्या मधे सतत असेल तर लागू होतो. कपातून झिरपलेला आवाज आणि स्पीकरने आणलेला आवाज यांची बेरीज होते. ८२ आणि ८२ मिळून १६४ होत नाहीत, ८५ होतात, पण होतात. म्हणून अशा जागी आवाजाचं बटण पूर्ण फिरवून ठेवू नका, बोलणं कळेल इतकंच ठेवा.

नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन म्हणजे हे नव्हे, हे परत परत सांगावं लागतं. ते तंत्र विमानाच्या घुंईसारख्या जाड, एकसारख्या आवाजावर चालतं, साधारण १००० हर्ट्झच्या खाली. ठोका, ग्राइंडरची किंकाळी, फटाका यावर त्याचा भरवसा नाही, आणि बहुतेकांना एनआरआरच नसतो. बसमध्ये वापरा, शॉपवर नको.

पायरी ५: कानावर बसवणं, इथेच सगळं बिघडतं

कान पूर्ण कपाच्या आत, गादी कातडीला टेकलेली, मध्ये काही नाही. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात आमच्या लाइनवरच्या बायका केस मशीनमध्ये जाऊ नयेत म्हणून स्कार्फ बांधतात (बरोबरच आहे) आणि मफ स्कार्फवरून लावतात. कापडातून आवाज सरळ आत. स्कार्फ कानामागून बांधायचा आणि मफ कातडीवर, मग केसही आत राहतात आणि कानही. चष्म्याची जाड काडी गादीला फट पाडते, म्हणून सेफ्टी चष्मा बारीक काडीचा घ्या, फरक ऐकूनच कळेल. हेल्मेटचा पट्टा गादीखाली आला तरी तेच. कानात कुडी असेल, भिकबाळी असेल, तर तासाभरात कान दुखायला लागतो आणि माणूस मफ सैल करतो, ती काढून लॉकरमध्ये. हेल्मेट रोजचं असेल तर सरळ हेल्मेटच्या खाचेत बसणारा मफ घ्या, त्याला ईएन ३५२-३ म्हणतात, डोक्यावरच्या पट्टीवर हेल्मेट बळेबळे कोंबू नका.

तपासायचं असं. चालू मशीनजवळ उभे राहा, इलेक्ट्रॉनिक्स बंद करा. दोन्ही तळव्यांनी कप आत दाबा. दाबल्यावर आवाज चांगलाच कमी झाला तर कुठेतरी फट आहे. मग एका कपाची कड बोटाने किंचित उचला, आवाज एकदम वाढला पाहिजे, नाही वाढला तर तो आधीपासूनच गळतोय. हे झाल्यावरच स्विच चालू. पट्टी घट्ट वाटते म्हणून काही जण मफ रात्रभर खोक्यावर ताणून ठेवतात, दुसऱ्या दिवशी मऊ लागतो खरा, पण तो दाब हाच तर मफ होता.

बोळे घालत असाल तर हात धुवा, बोळा बारीक वळा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, आत सरका, आणि बोटाने धरून वीस-तीस आकडे मोजा. तो आत फुगला की स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. बाहेरून अर्धा बोळा दिसतोय म्हणजे बसलेला नाही.

पथकवाले आणि रेंजवाले, तुमचं वेगळं

पुण्यात विसर्जनाला सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी दरवर्षी लक्ष्मी रोडवर आवाज मोजतात, काही वर्षी सरासरी १०० च्या वर गेलेली आहे. ही रस्त्यावरची सरासरी, ताशाच्या मागे उभा असलेल्याचं काय ते बघा. तरीही पथकाला मी इलेक्ट्रॉनिक मफ सुचवणार नाही. ठोका पडला की सर्किट दाबणार, ताल तुटका ऐकू येणार, पावसात भिजणार, आणि फेट्याखाली बसणार नाही ते वेगळंच. तुम्हाला वादकांचे फिल्टरवाले प्लग हवेत, ते सगळे आवाज साधारण सारखेच कमी करतात, ठेका आणि झांज दोन्ही कळतात. सराव महिना-दीड महिना चालतो, खरा मारा तिथेच होतो, मिरवणुकीत एकट्या दिवशी नाही, म्हणून सरावाला पहिल्या दिवसापासून घाला.

रेंजवर मात्र इलेक्ट्रॉनिक मफचा खरा उपयोग. रेंज ऑफिसरचा हुकूम ऐकू येतो आणि बार दबतो. १२ बोअर आणि मोठ्या कॅलिबरचा बार १४० डेसिबलच्या शिखराच्या बराच वर जातो, बंदिस्त रेंजमध्ये तर भिंतीवरून परत येतो, तिथे आत बोळे आणि वर मफ असं दुहेरीच. १० मीटर एअर रायफलला याची एवढी गरज नाही. आणि जे स्पर्धेच्या तयारीला आहेत (स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसच्या पदकानंतर कोल्हापुराकडे ही संख्या वाढलीये असं ऐकतो) त्यांनी पैसे घालायच्या आधी नियम वाचा: नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (आयएसएसएफ) नियमांत सिग्नल पकडणारं उपकरण असलेलं कानाचं साधन खेळाडूला लावता येत नाही, फक्त आवाज कमी करणारं चालतं. कोचला इलेक्ट्रॉनिक, तुम्हाला साधा.

पायरी ६: सांभाळणं

गादी घामाने कडक होते आणि चिरते. नखाने दाबून बघा, परत फुगायला वेळ लावत असेल तर बदला. रोजच्या वापरात साधारण सहा महिन्यांनी गादी आणि आतला फोम बदलायचा किट येतो, खरेदी करतानाच त्याचा पार्ट नंबर आणि किंमत विचारा. ज्या मफचा किट मिळत नाही तो कितीही स्वस्त असला तरी वर्षभराचाच पाहुणा आहे. पुसायला साबणाच्या पाण्याचा ओला फडका, थिनर नाही, पेट्रोल नाही, आणि नळाखाली तर अजिबात नाही. माइकच्या भोकात कॉम्प्रेस्ड एअर मारणारे महाभाग असतात, पडदा फाटतो.

सेल बहुतेकांना ट्रिपल ए लागतात. सुट्टी दोन-चार दिवसांची असेल तर सेल काढून ठेवा, पावसाळ्यात कोकणपट्टीत तर रोजच्या रोज, सेल गळून पत्र्यावर हिरवा थर आला की मफ गेला. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. एका मफवर एकाचंच नाव, शिफ्टला वाटून वापरला की कानाची खाज आणि बुरशी पण वाटली जाते. स्टोअर्सला इंडेंट (मागणीपत्र) टाकताना मफबरोबर किट आणि सेल पण त्याच कागदावर लिहा, नंतर 'बजेटमध्ये नाही' ऐकावं लागतं.

पायरी ७: कानाची तपासणी

मफ काम करतोय का हे शेवटी ऑडिओमेट्रीतच कळतं. कारखान्यात जास्त आवाजाच्या कामाला असाल तर वर्षातून एकदा ती व्हायला हवी, आणि रिपोर्टची कॉपी तुमच्याकडे हवी, फक्त एचआरच्या फाइलमध्ये नको. तपासणीच्या आधी साधारण १४ तास मोठा आवाज टाळा, रात्रपाळी करून सकाळी थेट गेलात तर आकडा खोटाच येणार. रिपोर्टमध्ये ४००० हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यासारखी खाली गेलीये का ते बघा, आवाजाने झालेल्या नुकसानाची ती ओळखीची खूण. सुरुवातीला बोलणं ऐकू येतंच, फक्त स, फ, थ असे बारीक आवाज निसटायला लागतात, घरी टीव्हीचा आवाज दोन आकड्यांनी वाढतो आणि बायको सांगते तेव्हा कळतं. बाहेर करायची असेल तर कुठल्याही मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात होते, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे.

आवाजाने आलेला बहिरेपणा कामगार सुरक्षेच्या कायद्याच्या परिशिष्टात कळवायच्या व्यावसायिक आजारांत आहे आणि भरपाईच्या कायद्यातही त्याची नोंद आहे, म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका, नोकरी बदलताना तर मुळीच नाही. पहिला रिपोर्ट कामाला लागतानाचा हवा, नाहीतर 'हे आधीपासूनच होतं' म्हणायला समोरचा मोकळा.

शिफ्ट संपल्यावर कानात शिट्टी वाजणं, कान भरल्यासारखा वाटणं हे एखाद्या दिवशी झालं तर पायरी ५ परत करा. रोज होत असेल तर मफ बदलून भागणार नाही, डॉक्टर. आणि एका कानाने अचानक, तासा-दोन तासांत किंवा रात्रीतून ऐकू येणं बंद झालं तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा, यातल्या काही प्रकारांत उपचार लवकर सुरू झाले तरच ऐकू परत येतं.